कोकरू कुणाचं

भागुबाईचं वय तिला माहीत नाही. पेडगावच्या शिवेवर मुलगा मल्हार आणि सून दैवशाला यांच्यासोबत ती राहते. मल्हार दिवसभर मेंढरं घेऊन रानात असतो. कोकरं घरामागच्या कुंपणात, भागुबाईजवळ.

दिवस मावळता मेंढरं परततात आणि सगळं अंगण एकदम ओरडायला लागतं. तगडी कोकरं आपापली आई शोधतात. अशक्त किंवा नुकतं जन्मलेलं कोकरू उचलून त्याच्या आईला लावावं लागतं. मेंढी दुसरीचं पाजत नाही. हुंगते आणि ढुसणी मारते. लग्न होऊन आल्यापासून हे काम भागुबाईचं. कोकरू हातात आलं की त्याची आई तिला आठवावी लागत नसे. हात आपोआप तिकडे वळत.

परभणीच्या कॉलेजातली अनुपमा म्हातारपणात माणसाचं मन कसं बदलतं याचा अभ्यास करते. त्याच त्या म्हाताऱ्यांना दरवर्षी तेच प्रश्न. यंदा तिसरं वर्ष होतं आणि या खेपेला मल्हारही निकालाची वाट पाहत होता. मागच्या महिन्यात दोन कोकरं मेली. हगवण, असं तो म्हणाला, पण तेव्हापासून आईकडे निरखून पाहू लागला. डोकं ठीक नसेल तर तिला परभणीला, धाकट्या आदिनाथच्या घरी ठेवायचं, असं दोघा भावांचं ठरलं होतं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. तिथं करायला काही नाही.

अनुपमानं तारीख विचारली. भागुबाईनं वद्य अष्टमी सांगितली. अनुपमानं मोबाईलमध्ये पंचांग पाहिलं आणि गुण दिला. पाच शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारले, तेव्हा चार आले.

"पाचवा तुला ठाव हाय की," भागुबाई म्हणाली, "मंग मला कशाला इचारतीस?"

अनुपमा हसली. मग घरच्या माणसाला विचारायचे प्रश्न होते. रोजच्या कामात वर्षभरात काही फरक पडला का, असं तिनं दैवशालाला विचारलं. दैवशाला पीठ मळत होती.

"काई न्हाई ताई. समदं पयल्यासारखं."

तिनं मान वर केली नाही. भागुबाई तिच्याकडे पाहत राहिली. चार महिने झाले, सासूचं काम आटपलं की सरपणाचं निमित्त काढून दैवशाला पुन्हा मेंढरांत जात होती आणि चुकीच्या जागी लावलेली कोकरं उचलून बदलत होती. भागुबाईला ते ठाऊक होतं. दोघी त्यावर कधी बोलल्या नव्हत्या. दोन कोकरं मेली, त्या आठवड्यात दैवशाला पाथरीला माहेरी गेली होती.

मल्हार आज लवकर परतला. मेंढ्या अंगणात अडवून तो दारात येऊन उभा राहिला. अनुपमानं बेरीज केली आणि सांगितलं, आजींचं छान आहे, गेल्या वर्षीइतकंच. मल्हारनं पटका काढून तोंड पुसलं. आदिनाथला नको म्हणून सांगतो, असं म्हणून त्यानं फोन काढला.

बाहेर कोकरं ओरडत होती. भागुबाई उठली नाही.

"सुनेचं खोडून टाक," ती अनुपमाला म्हणाली.

"म्हणजे?"

"कोकरू हातात येतं, आन् त्याची माय कोन ते कळना झालंय. ती दोन हगवणीनं न्हाई मेली. उपाशी मेली."

अनुपमानं कागद वर-खाली पाहिले. असा प्रश्न त्यात कुठंच नव्हता. शेवटी तिनं समासात काहीतरी लिहिलं. पण त्या नोंदीनं गुण बदलले नाहीत.

दैवशालाच्या हातावरचं पीठ वाळत चाललं होतं. "आत्या, कशाला बोललात? मी होते की."

"तू माहेरला गेलीस की कोकरांनी कुनाकडं बघावं?"

फोन हातात घेऊन मल्हार लांब बांधापर्यंत गेला आणि तिथून भावाशी बोलला. परत येऊन म्हणाला, रविवारी आदिनाथ जीप घेऊन येतोय. आईकडे न पाहता म्हणाला.

दैवशाला हात धुऊन बाहेर गेली. एकेक कोकरू आईला लागत गेलं तसा एकेक आवाज कमी होत गेला. पूर्वी कुठल्या कोकराचा आवाज थांबला हे भागुबाई न पाहता सांगायची. आता तिला नुसतं ओरडणं ऐकू येत होतं. मग तेही थांबलं.

"समदी लागली का गं?" तिनं आतून विचारलं.

"लागली, आत्या."

भागुबाईनं पाय पोटाशी घेतले आणि हात कुठं ठेवावेत ते तिला सुचेना.