कुसुमआत्याचं जाकीट

"ती कुठं काय बोलते? तिला विचारून काय कळणार हाय? मेलेल्या माणसाचं कापड नव्या पोरीच्या अंगावर कशाला घालायचं? देऊन टाकू ते जाकीट मॅडमना."

हे आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मोरीपाशी बाबांना सांगत होत्या. मी मागच्या दारात तांदूळ निवडत होते. मी कमी बोलते, त्यामुळे मी तिथे नाहीच असं धरून लोक बोलतात. किस्से माझ्याकडे साठतात ते असे. आणि यंदा आमच्या भिसेगावच्या घरात कपड्यांपेक्षा किस्सेच जास्त निघाले.

कपडे कुसुमआत्याचे. बाबांची थोरली बहीण. मुंबईत फॅशन डिझायनर होती, शेवटची काही वर्षं इथे येऊन राहिली आणि आमचं लग्न ठरायच्या आधीच गेली. माडीवरची खोली तिच्या कपड्यांनी भरलेली. मुंबईच्या एका संग्रहालयाला ते जपायचे होते. काय द्यायचं, काय ठेवायचं हे घरच्यांनी ठरवायचं आणि बांधाबांध सगळ्यांनी मिळून इथेच करायची, असं ठरलं. त्यासाठी तिथल्या मॅडम येऊ लागल्या.

जाकीट हे आत्याचं शेवटचं काम. साडीवर घालायचं, जांभळं, पाठीवर भाताच्या लोंब्यांचं भरतकाम. भाच्याच्या होणाऱ्या बायकोसाठी. कोण ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून दोन्ही बाजूंना नुसता कच्चा धावदोरा घालून ठेवलेला.

मला ते जाकीट हवं होतं. मी या घरात यायच्या आधी माझी वाट बघत कुणीतरी ते शिवत बसलं होतं.

* * *

मॅडमनी पहिल्यांदा येण्याआधी फोनवर बजावलं होतं, कशालाही हात लावू नका. आईंनी लावला नाही. फक्त एक कुर्ता धुतला.

मॅडम आल्या तेव्हा तो गच्चीवर दोरीला वाळत होता, खळ घालून, कडक. मॅडमनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"तुम्ही पाठवलेल्या फोटोत याच्या कॉलरवर लिपस्टिकचा डाग होता."

"काढला की. लिंबू, मीठ आन् ऊन. लोकांसमोर वन्संचं कापड मळकं कसं ठेवायचं?"

"अहो, तो डाग मला हवा होता. शोमध्ये घातल्याची खूण होती ती."

आईंचा चेहरा पडला. थोडा विचार करून म्हणाल्या, "तसा अजून एकावर हाय. तो नाय निघाला."

मॅडम त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

* * *

भरतकामात अडकतील म्हणून बांगड्या, अंगठ्या काढून कामाला बसायचं, हा मॅडमचा दुसरा नियम. माझ्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा.

"नवी नवरी हाय ती," आई म्हणाल्या. "हात मोकळे नाय ठेवायचे."

मॅडमना नियम मोडता येईना, आईंना रीत. मी मध्ये उभी, दोन्ही हात पुढे करून. शेवटी आई आत गेल्या आणि बाबांचे धुतलेले मोजे घेऊन आल्या. पंजे कापून माझ्या चुड्यावर चढवले, मनगटापासून कोपरापर्यंत.

दुसऱ्या दिवशी बाबा ऑफिसला निघताना घरभर शोधत होते. "अगं, माझे मोजे कुठायत?"

"सूनबाईला घातलेत," आई म्हणाल्या.

* * *

एका लोकरीच्या झग्याला कसर लागली होती. मॅडम म्हणाल्या, औषध मारायचं नाही. प्लास्टिकमध्ये हवाबंद करून काही दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवायचा, किडे थंडीने मरतात.

आमच्या फ्रीजमध्ये बाही मावेना. आईंच्या भावाचं, सदूमामांचं, शिळफाट्याला आइस्क्रीमचं दुकान आहे. बाबांनी झगा स्कूटरवरून पोचवला.

"भावोजी, माझ्या कुल्फीला लोकरीचा वास आला तर?"

"तुझ्या कुल्फीला कसलातरी वास येऊ दे की रं."

तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाने फ्रीजरमध्ये वाकून पाहिलं. "मामा, या मोठ्या पिशवीत काय हाय?"

मामा सुटे पैसे शोधत होते. मान वर न करता म्हणाले, "आमची कुसुमआत्या."

गिऱ्हाईक सुट्यांसाठी थांबलं नाही.

* * *

एक कोट मात्र मिळाला नाही. आत्याने तो माथेरानच्या एका घोडेवाल्याला थंडीत अंगावरचा काढून दिलेला. मॅडम, मी आणि माझा नवरा त्याला शोधत वर गेलो. कोट त्याच्या अंगावरच होता, कोपराला ठिगळ.

मॅडमनी संग्रहालय, काच, दिवे, सगळं समजावून सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं.

"देतो की ताई. थंडी गेली की या."

"आणि पुढच्या थंडीत?" मॅडमनीच विचारलं.

तो घोड्याची मान खाजवत राहिला. परत खाली उतरेपर्यंत मॅडमनी कोटाचं नाव काढलं नाही.

* * *

आत्या माप टेपने घेत नसे. बाईला घट्ट मिठी मारायची, डोळे मिटायची आणि मग कात्री चालवायची. म्हणायची, "टेपला काय ठाऊक, बाई श्वास कुठवर घेते ते."

पुढे तिचे खांदे दुखायला लागले, तेव्हा मिठ्या मारायचं काम आईंकडे आलं. आई मिठी मारून आकडे सांगायच्या, आत्या कापायची. गावातल्या निम्म्या लेकीसुनांची मापं आईंच्या दंडात आहेत, असं बाबा म्हणतात.

मला मात्र लग्न झाल्यापासून आईंचा हात लागला तो हळदीकुंकवापुरता. आणि ते मोजे चढवताना.

* * *

शेवटच्या दिवशी टेबलावर धुतलेली मलमल अंथरली होती. एकेका बाहीत मऊ कागदाचे बोळे भरून कपडे खोक्यात निजवले. जाकीट सगळ्यांत शेवटी राहिलं.

"हे अपुरं आहे, म्हणून आमच्यासाठी फार मोलाचं," मॅडम म्हणाल्या. "पण घरचं आहे. कुठे जायचं ते तुम्ही सांगा."

बाबा पंख्याकडे बघत होते. नवरा माझ्याकडे.

"न्या," आई म्हणाल्या. "हितं घालणारं कोण हाय?" पण त्यांचं बोट त्या कच्च्या धावदोऱ्यावरून खाली-वर फिरत होतं, थांबत नव्हतं.

मॅडमनी खोक्याचं झाकण उचललं.

मी हातांवरचे मोजे उतरवले, घडी करून बाबांच्या पुढ्यात ठेवले आणि म्हणाले, "आई, माझं माप घ्यायचं राहिलंय."