वास नसलेलं पान

वसंतभाऊजी गेल्याचं आम्हाला त्यांच्या शेजाऱ्यांनी कळवलं. सोहारच्या त्या बैठ्या घराच्या फाटकाखालून सकाळपासून पाणी वाहत होतं. शेजारचे मल्याळी गृहस्थ डोकावले, तर अंगणात पाण्याची नळी चालू आणि भाऊजी पायरीला टेकून बसलेले... डोळा लागल्यासारखे. मिलिंद, म्हणजे माझा नवरा आणि भाऊजींचा धाकटा भाऊ, फोन ठेवून गाडीची किल्ली घ्यायला गेला. मस्कतमधल्या अल् घुब्राहून सोहारला जाताना वाटभर तो एकच वाक्य बोलला, "दादा नळ उघडा टाकून उठणारा माणूस नव्हता गं." खरंच नव्हता. गॅस, कुलूप, इस्त्री, सगळं दोनदा पाहिल्याशिवाय भाऊजी घराबाहेर पडत नसत. अॅल्युमिनियमच्या कारखान्यात ते सेफ्टी विभागात होते. "काळजी करणं हीच माझी नोकरी आहे, संध्या," असं ते मला सांगायचे. पण ती नोकरी त्यांची घरी आल्यावरही सुटत नसे.

पार्थिव नागपूरला नेलं, जलदान विधी झाला, आम्ही परत आलो. त्यालाही आता काही आठवडे झाले. लोक भेटतात ते त्यांच्या बागेबद्दल बोलतात. मला मात्र पुन्हा पुन्हा एक शुक्रवार आठवतो.

त्याच्या आधीचं थोडं सांगायला हवं. भाऊजींची एकुलती एक मुलगी सुजाता लग्न होऊन ह्यूस्टनला गेली. प्रमिलाताई, तिची आई, त्याआधीच वारल्या होत्या. सुजाताला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा राहिले नाहीत. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी तिला झोपून राहायला सांगितलं. नवरा निखिल सकाळीच कामावर जायचा आणि ही दिवसभर एका खोलीत, खिडकीकडे तोंड करून. भाऊजींना जायचं होतं, पण व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळत नव्हती. रोज फोन व्हायचा. काय खाल्लंस, पोटात दुखत नाही ना, बाळ हलतंय ना... शेवटी एकदा सुजाताच कंटाळून म्हणाली, "बाबा, दुसरं काहीतरी विचारा ना." मग त्यांनी विचारलं, "खिडकीतून काय दिसतं?" ती म्हणाली, "कुंपण. आणि काल एक हमिंगबर्ड आला होता. थांबला नाही. थांबेल कशाला, इथे आहे काय?"

तेवढ्या एका वाक्यानं भाऊजींना काम मिळालं. त्यांच्या अंगणात शिंजीर यायचे, तो चिमुकला, बाकदार चोचीचा, उन्हात निळा-जांभळा चमकणारा पक्षी. आमच्याकडचे लोक त्यालाच हमिंगबर्ड म्हणतात. भाऊजी प्रत्येकाला समजावायचे की हमिंगबर्ड फक्त अमेरिकेकडे. तो हवेत तरंगत मध पितो, आपला शिंजीर बहुतेक वेळा फांदीला धरून बसतो. पण दोघांची आवड बरीचशी सारखी आहे हे त्यांच्या लक्षात आलं. सोहारच्या खारट पाण्यावर, आगीसारख्या उन्हात, हिरव्या जाळीखाली त्यांनी जगवलेला केशरी फुलांचा हमेलिया मुळात तिकडचाच, पिवळा टेकोमाही तिकडचाच. लहानपणी नागपुरात कुंपणावर चढलेली, बारीक पानांची, लाल चांदणीसारख्या फुलांची गणेशवेलसुद्धा तिकडूनच आलेली, हे वाचून तर त्यांना फार नवल वाटलं. "आपण हिला आपली समजत होतो," ते म्हणाले.

मग फोनवरून धडे सुरू झाले. फूल लांबट नळीचं हवं, शक्यतो लाल किंवा केशरी. वासावर जाऊ नकोस, हे पक्षी रंग बघून येतात. जास्वंद लावायची तर एकेरी, दुहेरीत चोचच शिरत नाही. निखिल बिचारा नर्सरीत जाऊन फोटो पाठवायचा, भाऊजी फोटो मोठा करकरून पाहायचे आणि मग घ्या किंवा नको सांगायचे. खिडकीखाली, खिडकीत कुंड्या वाढत गेल्या. सुजाताचा आवाज बदलला. बाळाबद्दल ती आपणहून बोलू लागली. मिलिंद म्हणाला, "दादाला व्हिसा मिळाला नाही तेच बरं झालं, इथे बसून त्याने जास्त केलं." भाऊजी हसले नाहीत. "सातवा महिना जाऊ दे," एवढंच म्हणाले.

त्या शुक्रवारी आम्ही सोहारला जेवायला गेलो होतो. भाऊजींनी भाजी फोडणीला टाकली होती आणि अधूनमधून सुजातानं पाठवलेला फोटो बघत होते. निखिलनं सेज नावाच्या झुडपाचं रोप आणलं होतं, लाल फुलांचं, ज्याची पानं चुरगळली की अननसासारखा वास येतो. कुंडीवरची चिठ्ठी कुठे तरी पडली होती, फुलं अजून यायची होती. खाली सुजातानं लिहिलं होतं, 'वास काही येत नाही बाबा. उद्या सकाळच्या चहात दोन पानं टाकून बघते. गुड नाइट.'

"संध्या, हे पान तुला सेजचं वाटतं?"

"मला काय कळणार, भाऊजी?"

त्यांनी गॅस बंद केला आणि मोबाइलवर शोधत बसले. ताटं वाढून झाली तरी उठेनात. मग त्यांचा चेहराच बदलला. मला म्हणाले, "प्रमिलाची हृदयाची गोळी आठवते तुला?" आठवत होती. ती गोळी अंगात जास्त झाली तेव्हा ताईंना उलट्या सुरू झाल्या होत्या, आणि त्या म्हणत होत्या की भिंती पिवळ्या दिसतायत, तुमचे कपडे पिवळे दिसतायत. मस्कतच्या डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं की हे औषध एका फुलझाडापासून आलेलं आहे, मात्रा जरा चुकली तर घात होतो. त्या झाडाचं पान आता भाऊजींच्या मोबाइलवर होतं. सेजसारखंच लांबट, खरखरीत, सुरकुतलेलं. वास नसलेलं.

तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती. सुजाता झोपताना फोन बंद करायची, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. निखिलचा वाजत राहिला आणि थांबला. भाऊजींनी लिहिलं, 'पानं चहात टाकू नकोस.' एकच टिक आली. पुन्हा तेच लिहिलं. पुन्हा एकच टिक. मिलिंदनं त्याच्या फोनवरून, मी माझ्या फोनवरून लावून पाहिलं. जेवण तसंच राहिलं. मी म्हटलं, "कदाचित सेजच असेल." ते म्हणाले, "असेल. पण मी फोटो बघून हो म्हटलं होतं ना... फूल दिसल्याशिवाय हो म्हणायचंच नव्हतं." मग अंगणात गेले, आले, पुन्हा गेले. शिंजिराची मादी हमेलियावर येऊन बसली तर तिच्याकडे बघितलंही नाही. मिलिंदनं खांद्यावर हात ठेवला तर म्हणाले, "कारखान्यात सायरन असतो रे. इथे काय वाजवू?"

ती दुपार कशी सरली ते मला सांगता येणार नाही. उन्हं कलली, अस्रची अजान झाली, आणि थोड्याच वेळात मिलिंद ओरडला, "दुसरी टिक आली." भाऊजींनी लगेच फोन लावला. सुजाताचा झोपाळलेला आवाज आला, "जय भीम बाबा... काय झालं? इतके मेसेज?"

"चहा घेतलास?"

"नाही अजून. आत्ता तर उठले."

भाऊजी खाली पायरीवर बसले. फोन त्यांनी माझ्या हातात दिला. बाकीचं मीच तिला सांगितलं.

निखिल ती कुंडी नर्सरीत घेऊन गेला. भाऊजींची शंका खरी निघाली. त्यानं ती फेकून न देता कुंपणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. काही दिवसांनी तिला लांब जांभळ्या घंटा आल्या, आतून ठिपके असलेल्या, आणि सुजातानं व्हिडिओ पाठवला. हमिंगबर्ड त्या फुलापुढे हवेत तरंगत होता, चोच आत घालून मजेत पीत होता. आम्हाला सगळ्यांना गंमत वाटली. भाऊजींनी मात्र उलट लिहिलं, 'पक्षी पितो म्हणून माणसानं प्यायचं नसतं.'

सुजाताची मुलगी, मैत्री, थोडी लवकर जन्मली, पण ठणठणीत. ती सहा महिन्यांची असताना भाऊजींना अखेर व्हिसा मिळाला आणि ते जाऊन आले. तिथे त्यांनी सगळ्या कुंड्यांना स्वतःच्या हातानं नावांच्या चिठ्ठ्या लावल्या, मराठीत. निखिल म्हणाला, "बाबा, इथे कोण वाचणार?" ते म्हणाले, "मैत्री वाचेल."

मैत्री आता चालते, आणि दिसेल ते तोंडात घालते. भाऊजी गेल्यापासून सुजाता झाडांचे फोटो मला पाठवू लागली आहे. मला झाडांतलं काही कळत नाही, हे तिलाही माहीत आहे. परवा कुंपणाशी आपोआप उगवलेल्या एका रोपाचा फोटो आला. बाजूला मैत्री उकिडवी बसलेली, हात पुढे केलेला. मी बराच वेळ पाहिलं. पुस्तकात पाहिलं, नेटवर पाहिलं, काही जुळेना. शेवटी लिहिलं, 'मला ओळखू येत नाही गं. तोवर तिला जवळ जाऊ देऊ नकोस.'

थोड्या वेळानं तिचं उत्तर आलं. 'हो काकू. बाबाही आधी हेच लिहायचे.'