माळवहिनींची जपानी कोंबडी

स्वयंपाक करताना चाखून बघणाऱ्या बायकांचा माळवहिनींना भारी राग. "देवाच्या आधी आपली जीभ? शोभतं का?" असं म्हणत त्या मुठीनं मीठ टाकत, आणि मेलं ते कधी चुकत नसे! गळ्यात तुळशीची माळ, म्हणून हे नाव. लखनौला मानक नगरातल्या रेल्वे क्वार्टर्समध्ये त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. चातुर्मासात कांदालसूण बंद. अशा बाईनं कोंबडी तळली, तीही जपानी, हे त्यांच्या साताऱ्याच्या माहेरी अजून कुणाला ठाऊक नाही.

कारण भाऊ, त्यांचे यजमान. रेल्वेत इंजिनिअर. तरुणपणी ट्रेनिंगसाठी काही महिने जपानला राहून आलेले. तिथे काय काय खाल्लं ते वहिनींनी विचारलं नाही, भाऊंनी सांगितलं नाही. गेल्या वर्षी आजारपणात भाऊंचं अन्नच तुटलं. डॉक्टर म्हणाले, काहीही खाऊ देत, पण खाऊ देत. "अहो, काय हवंय ते सांगा तरी," म्हणून वहिनी रडकुंडीला आल्या, तेव्हा भाऊ लाजत म्हणाले, "तिकडे तळलेली कोंबडी मिळायची. कारागे म्हणायचे."

दुसऱ्या दिवशी बाई मला घेऊन कोंबडीवाल्याकडे हजर! दुकानाकडे पाठ करून म्हणतात कशा, "भैया, टांग का दो, बिना हड्डी का. और काली थैली में डालो, मेरे को दिखाना मत."

मागच्या गॅलरीत वेगळी शेगडी, वेगळी कढई. मोबाइलवरची कृती मी वाचायची. सोया सॉस, आलं, लसूण लावून मुरवायचं, बटाट्याच्या स्टार्चमध्ये घोळवायचं आणि दोनदा तळायचं. तो स्टार्च अख्ख्या बाजारात मिळेना. मैद्यातला पहिला घाणा मऊ पडला. वहिनी तरातरा आत गेल्या आणि एकादशीचा शिंगाड्याच्या पिठाचा डबाच घेऊन आल्या.

"अहो वहिनी, उपासाचं पीठ!"

"विठोबाला चालतं, मग कोंबडीला काय धाड भरलीय?"

काय कुरकुरीत झालं म्हणून सांगू! पुढच्या एकादशीला बाईंनी नुसत्या पाण्यावर दिवस काढला. विचारलं तर म्हणाल्या, "डबा बाटला, मी नाही."

पहिला तुकडा नेहमी मला. मी मालवणची, म्हणून माझ्या जिभेवर विश्वास. "मीठ?" "बरोबर." "आलं?" "जरा जास्त." एवढंच विचारायच्या. भाऊंनी त्या पहिल्या दिवशी ताटली पुसून खाल्ली आणि दाराआड वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मग हिवाळाभर दर रविवारी कढई चढली. भाऊंच्या चेहऱ्यावर जरा तकाकी आली. आम्हाला वाटलं, निभावलं. पण होळीनंतर भाऊ गेले.

मुलगा वहिनींना पुण्याला न्यायला आला. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला वर बोलावलं. बघते तर गॅलरीत कढई तापलेली. ताटली माझ्यापुढे ठेवून त्या समोर बसल्या. मी सवयीनं म्हटलं, "मीठ बरोबर आहे."

"ते ठाऊक आहे गं मला. लागतं कसं, ते सांग. ह्यांना एवढं का आवडायचं?"

मी सुरू केलं. आल्याचा झणका, जरासं खारट, वरून कुरकुरीत...

"ते सगळं मीच घातलंय," वहिनी म्हणाल्या. "त्याच्या पुढचं सांग."

आता काय सांगायचं, कपाळ! एरवी बोलण्यात माझा हात कोण धरणार, पण जन्मात कोंबडी न खाल्लेल्या बाईला ती चव सांगायला मला शब्द सापडेना. भाऊ आठवले. घास तोंडात तसाच राहिला आणि मी घळाघळा रडायला लागले.

माळवहिनी माझ्या तोंडाकडे निरखून बघत राहिल्या.

"म्हणजे चांगलंच लागत असणार," त्या म्हणाल्या, आणि ताटली माझ्याकडे सरकवली. "खा. आणखी एक खा."