वेगळं पाणी

“वेगळं पाणी मला नको,” नंदा मेश्राम एकदा म्हणाल्या होत्या.

इंग्लंडात, लेस्टरमधल्याच एका मराठी घरात, कुणाच्या तरी बारशाला. बाकीच्या बायकांपुढे स्टीलचे पेले आले आणि नंदाबाईंपुढे कागदाचा कप. पेले कमी पडले हो, असं घरच्या बाई हसून म्हणाल्या. ओट्यावर पेल्यांची चळत पालथी घातलेली होती. ती नंदाबाईंनी पाहिली आणि त्यांचं बोट धरून उभ्या असलेल्या लहान रचनानेही पाहिली. मग नंदाबाई ते एक वाक्य बोलल्या आणि लेकीला घेऊन निघाल्या. बसथांब्यावर रचना तहानेने रडकुंडीला आली होती. आई समोरच्या रस्त्याकडे बघत होती. ऐन जुलैत तिच्या ब्लाउजच्या लांब बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली होती.

आता रचना स्वतः दोन मुलांची आई आहे, बेलग्रेव्ह रोडवरच्या औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे, आणि वडील गेल्यापासून आई तिच्याकडेच राहते. जुनं, एकाला एक चिकटलेल्या रांगेतलं घर. वरच्या मजल्यावर कुणी नळ सोडला की भिंतीतले पाइप कण्हतात.

जपानची कल्पना आईचीच. आयुष्यभर हॉस्पिटल आणि घर, यापलीकडे न गेलेल्या बाईने एका सकाळी पोळी लाटता लाटता सांगितलं, की तिला तिथल्या एखाद्या विहारात राहायचंय, पहाटेचं सूत्रपठण ऐकायचंय, आणि गरम पाण्याच्या झऱ्यात सगळ्यांबरोबर उतरायचंय.

“मार्चमध्ये जाऊ,” रचना म्हणाली. “चेरी ब्लॉसम पण मिळेल.”

“फुलांचं मला काही नाही. वीस मार्चला मी पाण्यात असले पाहिजे.”

यावर रचनाने काही विचारलं नाही. या घरात वीस मार्चचा अर्थ विचारावा लागत नाही. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी ज्या दिवशी ओंजळीत घेतलं, तो दिवस. दरवर्षी इथल्या कम्युनिटी हॉलमध्ये भाषणं होतात, प्लॅस्टिकच्या खुर्च्या लागतात, समोसे असतात. “आयुष्यभर भाषणंच ऐकली,” नंदाबाई म्हणाल्या, “या वर्षी पाण्यातच बसते.”

सहली काढणारी नीना लंडनमधल्या स्टॅनमोरची. लग्नानंतर पुण्याहून आलेली, बोलायला गोड, दरवर्षी मराठी मंडळींना जपान दाखवणारी. पहिलं बोलणं व्हिडिओ कॉलवर झालं. नंदाबाईंची जुनी मैत्रीण सुनीती लीड्सहून जोडली गेली होती. दोघींनी एकाच वॉर्डात नर्स म्हणून नोकरीची सुरुवात केली होती, आणि सुनीतीबाईही सोबत येणार होत्या.

“आपल्या वज्रेश्वरीसारखंच समजा,” नीना सांगत होती, “फक्त स्वच्छ. बायकांचं कुंड वेगळं, पुरुषांचं वेगळं. आधी स्टुलावर बसून अंग घासून धुवायचं, केस वर बांधायचे, मग पाण्यात. आणि अंगावर कपडा अजिबात चालत नाही.”

“नागवं व्हायचं?” सुनीतीबाईंनी विचारलं. “या वयात? अगं, समोरच्या बायका घाबरून पाण्याबाहेर पळतील.”

“मग कुंड आपलंच,” नंदाबाई म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या.

“आणि टॅटू चालत नाहीत,” नीना पुढे म्हणाली. “तिथे पूर्वी गुंडांच्या टोळ्यांची ती खूण असायची. पुष्कळ ठिकाणी सोडतात आता, पण आपलं हॉटेल जुन्या वळणाचं आहे. कुणाला आहेत का?”

“आमच्याकडे टॅटू?” रचनाला हसू आवरेना. “आई सेव्हंटी-टू आहे, नीना.”

नंदाबाईंनी डावी बाही खाली ओढली. ती मनगटाखाली आलेलीच होती, तरी ओढली. रचनाने हे पाहिलं आणि तिला त्यात काही दिसलं नाही.

त्या आठवड्यापासून आई रोज टबमध्ये उतरायला लागली. एरवी बादली-मगावर आंघोळ उरकणारी बाई आता दुपारी टब भरून दार लावून घ्यायची. पाइप कण्हायचे. दाराखालून वाफ यायची. “सवय करतेय,” ती म्हणायची. “तिथलं पाणी कढत असतं म्हणे.” बाहेर आली की चेहरा तांबारलेला आणि ओठ पांढरे. जेवताना डावा हात टेबलाखाली. पोळ्या तिने सोडून दिल्या. कणीक मळताना मनगट दुखतं, म्हणाली.

रचना एका शनिवारी दुकानातून लवकर घरी आली. वर आवाज येत होता. खर्र, खर्र, मग थांबून पुन्हा खर्र. टाच घासायच्या वजरीचा आवाज. आधी तिला वाटलं, आई पाय घासतेय. पण पाय इतके घासत नाहीत. ती जिन्यात उभी राहिली. आवाज एका लयीत चालला होता, जसं कुणी करपलेलं भांडं निघत नाही म्हणून पुन्हा पुन्हा घासतं. मधेच दाताखाली दाबलेला एक हुंकार आला, आणि पुन्हा खर्र.

तेव्हा तिला तो हात आठवला.

डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, हिरवं तुळशीवृंदावन आणि खाली ठिपक्यांची ओळ. लहानपणी आईच्या कुशीत झोपताना ती ते बोटाने गिरवायची. ते गोंदण होतं. आईच्या अंगाचा भाग होतं, नाकासारखं, कानासारखं. टॅटू म्हणजे बाजारातल्या पोरांच्या मानेवर असतो तो. हे दोन्ही एकच, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

गोंदणाची कथा तिला तुकड्यातुकड्यांनी माहीत होती. गाव बौद्ध झालं, घरातले देव नदीत गेले, तरी नंदाबाईंच्या आजीने पुढच्याच वर्षी गोंदणाऱ्या बाईला बोलावून नातीचा हात तिच्या मांडीवर दाबून धरला. मेल्यावर सोनंनाणं इथंच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं आजीचं म्हणणं. वडील कामावरून आले, त्यांनी तो सुजलेला हात पाहिला आणि त्या रात्री आपल्या आईच्या हातचं जेवले नाहीत. जे नदीत सोडलं ते पोरीच्या कातडीत परत आलं, म्हणाले. नंदाबाईंनी पुढे ते बाहीखाली ठेवलं. हॉस्पिटलात कोपराखाली हात उघडे ठेवायचा नियम आला, तेव्हा त्यांनी वॉर्ड सोडून अपॉइंटमेंटच्या टेबलावर बदली मागून घेतली. का, ते कुणाला सांगितलं नाही.

रचना जिना उतरून आली, मागच्या अंगणात गेली आणि नीनाला फोन लावला.

“अय्या, गोंदण,” नीना म्हणाली. “माझ्या आजीला होतं कपाळावर. मला सुचलंच नाही बघ. केवढं आहे?”

“मोठा आहे. म्हणजे, मोठं.”

“मग चिकटपट्टी लावून झाकता येणार नाही. पण टेन्शन घेऊ नकोस. तिथे खाजगी कुंड मिळतं, तासावर. काकू एकट्या आरामात बसतील, कुणी बघणार नाही.”

“तू आईला आत्ता नको सांगू. मी सांगते.”

“सांग की. खूशच होतील त्या.”

रचनाने सांगितलं नाही. रोज सांगू म्हणायची. आईने गोंदणाचा विषय काढला नाही, तिनेही काढला नाही. दुकानात ती दिवसभर लोकांच्या जखमांवरचं मलम काउंटरवरून देत होती आणि घरी आल्यावर आईची बाही वर करायचा तिला धीर होत नव्हता. एकदा नुसतं म्हणाली, “आई, तुझा हात बघू?” आई म्हणाली, “हाताला काय झालंय?” आणि तो विषय तिथेच मिटला. घरात मात्र एक वास यायला लागला. आधी अंधुक, मग आईच्या उशीला, मग टॉवेलला. रचनाचं नाक त्या वासाला सरावलेलं होतं. त्याचं नाव तिला माहीत होतं आणि आईला मधुमेह आहे, हेही माहीत होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी नीना सगळं पक्कं करायला स्टॅनमोरहून आली. सुनीतीबाई आदल्या दिवशीच ट्रेनने लीड्सहून आल्या होत्या. खिडकीबाहेर दुपारीच अंधारून आलं होतं. नंदाबाई जाड कार्डिगन घालून बसल्या होत्या, डोळे तापाने चकाकत होते. हीटरपाशी बसूनही त्यांना हुडहुडी भरत होती.

“सर्दी आहे,” त्या म्हणाल्या.

“सर्दी नाही ही,” सुनीतीबाई हळूच म्हणाल्या. त्यांनी नाक वर करून खोलीतला वास घेतला आणि मैत्रिणीकडे नीट बघितलं. “नंदा, हात दाखव.”

“आधी हिचं होऊ दे.”

नीनाने टॅब्लेट टेबलावर उभा केला. लाकडी हॉटेल, कागदी दारं, बर्फ आणि काळं पाणी. त्यात मानेपर्यंत बुडालेल्या बायका, डोक्यावर पांढरी फडकी. नंदाबाई पुढे वाकल्या. त्यांचा चेहरा क्षणभर निवळला.

“हेच का ते?”

“हेच. वीस तारखेचंच पक्कं केलंय, तुम्ही म्हणालात तसं.” नीनाने बोटाने फोटो सरकवला. चार भिंतींच्या आत एकच टब, बाजूला एकच स्टूल. “आणि हे खास तुमच्यासाठी, काकू. तुमचं पाणी वेगळं. आतून कडी. बाकीच्यांना यायची परवानगीच नाही.”

वर कुठेतरी पाइप कण्हला.

“हे कुणी सांगितलं?” नंदाबाईंनी विचारलं.

नीनाने रचनाकडे पाहिलं. तिला वाटलं होतं, लेकीने सांगितलंच असणार.

“आई, मी तुझ्यासाठीच...” रचना म्हणाली. “मला वाटलं, तुला त्यांनी दारात थांबवलं तर. सगळ्यांसमोर. मला ते बघवलं नसतं.”

नंदाबाई लेकीकडे पाहत राहिल्या. त्या नजरेत राग असता तर रचनाला सोसला असता. पेल्यांच्या पालथ्या चळतीकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं होतं, ती ही नजर होती.

मग त्यांनी कार्डिगनची बाही वर केली. आतल्या ब्लाउजचं बटण काढलं. कापड मांसाला चिकटलं होतं, ते त्यांनी ओढून काढलं. हात टेबलावर टॅब्लेटच्या पुढ्यात ठेवला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी नव्हती, पिवळ्या कडांचं ओलं मांस होतं, आणि कोपराकडे एक तांबडी रेघ चढत निघाली होती. मधोमध वृंदावन तसंच हिरवं होतं. उलट जास्तच ठळक.

नीनाने तोंडावर हात धरला. सुनीतीबाई उठून उभ्या राहिल्या. “रचना, गाडी काढ. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल. नंदा, बस खाली.”

नंदाबाई बसल्या नाहीत. त्यांनी बाही खाली घेतली नाही. उघडा हात अंगापासून जरा लांब धरून त्या खोलीतून पॅसेजमध्ये गेल्या. खुंटीवरचा कोट तसाच राहिला. रचना किल्ल्या शोधत “आई” म्हणाली, पुन्हा “आई” म्हणाली. पुढचं दार उघडलं, फेब्रुवारीची गार हवा टेबलापर्यंत आली, आणि त्या बारशाच्या घरातून निघाल्या होत्या तशाच नंदाबाई बाहेर पडल्या.