अळणी नऊ दिवस

रोज सकाळी दुकान उघडण्याआधी सोहन दोन्ही हात समोर सरळ धरायचा, बोटं पसरायचा आणि मला म्हणायचा, "भाऊ, पान ठेव." मग मी कॅलेंडरचं आदल्या दिवशीचं फाडलेलं पान त्याच्या बोटांवर ठेवायचो. पान थरथरायचं. गिऱ्हाईक कापडाचा पोत बघतं तसं तो डोळे बारीक करून त्याच्याकडे बघायचा. "हलतंय, पण पडत न्हाई. चल, उघड दुकान."

सोहन माझा धाकटा भाऊ. मंचरच्या बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान होतं. आजोबा राजस्थानातून आले, पण आमची जीभ इथलीच. सोहनची तर गिऱ्हाइकांपेक्षा जास्त इथली. लहानपणापासून तो गादीवर नाही, गिऱ्हाइकांमध्ये बसायचा. पेठ गावापासून डिंभ्यापर्यंतच्या बायकांना त्याच्याच हातून कापड फाडून हवं असे. कात्रीनं नुसती चीर पाडून तो दोन्ही हातांनी कापड सर्रकन फाडायचा, आणि धागा तसूभर वाकडा जायचा नाही.

त्याचा आजार पहिल्यांदा सगळ्यांना दिसला तो डिंभ्याच्या आठवडे बाजारात, तिथं आम्ही कापड विकायला जायचो. चार दिवस तो झोपला नव्हता, अखंड बोलत होता. त्या दिवशी त्यानं मांजरपाटाचे सहा तागे सोडले आणि एसटीच्या थांब्यापासून धरणाच्या दिशेनं रस्त्यावर अंथरायला सुरुवात केली. "लोकांचे पाय पोळत्यात," म्हणत होता. लोक हसले. एक म्हातारी मात्र हसली नाही. चपला हातात घेऊन, कापड मळू नये म्हणून ती कडेकडेनं चालत गेली. तेवढ्यात एसटी आली. कंडक्टर ओरडला, "ओ शेठ, गुंडाळा राव, गाडी लेट हाय!"

"तुमची गाडी कवा येळेवर व्हती?" सोहन म्हणाला आणि सातवा तागा सोडायला बसला.

मी त्याला पुण्याला मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी लिथियमच्या गोळ्या सुरू केल्या. आधी दोन, मग रक्त तपासून तीन. तीनवर त्याचं डोकं शांत झालं, पण हात इतके थरथरायला लागले की चहा बशीत सांडायचा. तहान सारखी, वजनही वाढलं. पुन्हा रक्त तपासलं, आणि डॉक्टरांनी अडीचवर आणलं. सकाळी एक, रात्री दीड. कागदाचं पान बोटांवर ठेवायची युक्तीही त्यांचीच. थरथर एकाएकी वाढली तर थांबायचं नाही, लगेच यायचं, असं त्यांनी बजावलं होतं.

सोहननं हे सगळं कापडाच्या भाषेत बसवून टाकलं. "औषध म्हंजे मापाचं काम, भाऊ. कमी पडलं तर अंग उघडं, जास्त झालं तर पायात येतं." कुणी विचारलं, कायम घ्यायच्या का रे गोळ्या, तर म्हणायचा, "तू धोतर कायम नेसतो का न्हाई?" पाण्याचा तांब्या सतत शेजारी. "गोळी मला सांभाळती, मी तांब्या सांभाळतो." आठ वर्षं तो असा नीट राहिला. आता तो कापड कात्रीनं कापायचा, फाडायचा नाही, एवढाच फरक.

डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात एक गोष्ट सांगितली होती, ती मला. सोहन तेव्हा बाहेर बाकावर बसला होता. "जेवणातलं मीठ तोडायचं नाही. मीठ किंवा पाणी कमी झालं तर हे औषध अंगात साचतं आणि विषासारखं होतं. उलट्या, जुलाब, उपास, काहीही असो, आधी मला फोन." मी मान डोलावली. घरी येऊन सोहनला एवढंच म्हणालो, "मीठ-पाणी नीट घेत जा." खोलात गेलो नाही.

नव्वदच्या दशकातला तो चैत्र. माझी मुलगी सरिता लग्नाची होती. नारायणगावचं चांगलं स्थळ आलं होतं, पण त्यांच्या कानावर गेलं होतं की मुलीचा काका वेडा आहे. आम्हा जैनांत चैत्रात नऊ दिवस आयंबिलाची ओळी करतात. दिवसातून एकदाच, तेल-तूप-दूध-साखर-मसाला नसलेलं उकडलेलं धान्य खायचं, उकळलेलं पाणी प्यायचं, तेही सूर्यास्तापर्यंत. काही जण मीठ चालवतात, काही अळणीच करतात. माझ्या मनात आलं, सोहननं अळणी ओळी केली तर सगळ्या समाजासमोर त्याचं पारणं, म्हणजे तप सोडण्याचा सोहळा, होईल. वेडा माणूस नऊ दिवस जिभेवर असा ताबा ठेवतो का? तोंडं बंद होतील.

सोहनला सांगितलं. तो लगेच तयार झाला. मग थांबून म्हणाला, "मिठाचं डॉक्टर कायतरी म्हणले व्हते ना?"

"मी विचारतो," म्हणालो आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो. आत आमच्याच समाजातले दोघे नंबर लावून बसले होते. काचेच्या खोलीतलं बोलणं बाहेर सगळं ऐकू यायचं. वेडाच्या डॉक्टरला फोन लावायचा आणि भावाचं नाव घ्यायचं, तेही त्या आठवड्यात, हे मला जमलं नाही. मी परत आलो.

"विचारलं," मी सोहनला म्हणालो. "नऊ दिवसांनी काही होत नाही म्हणाले. जेवण एकदाच आहे, तर अडीच गोळ्या दुपारी एकदम घे."

त्यानं माझ्याकडे क्षणभर बघितलं. "बरं," म्हणाला.

ऊन कडक होतं. चौथ्या दिवशी त्याला मळमळायला लागलं. पाचव्या दिवशी नारायणगावची मंडळी आमच्या जैन स्थानकात आली, त्यांनी सोहनला वाकून नमस्कार केला आणि "शातेत आहात ना?" म्हणून तपस्व्याची खुशाली विचारली. त्याच दुपारी सोयरीक पक्की झाली. सहाव्या दिवशी सकाळी पान त्याच्या बोटांवरून खाली पडलं. मी ते उचलून पुन्हा ठेवलं. पुन्हा पडलं.

"भाऊ, पडतंय," तो म्हणाला.

"तपाचा अशक्तपणा आहे. तीन दिवस राहिलेत. तुला जमेल."

सातव्या दिवशी तो दारू प्यायल्यासारखा चालत होता, शब्द जड येत होते. बायका म्हणाल्या, केवढं कठीण तप! त्याच्या पाया पडायला रांग लागली. मी त्या रांगेकडे बघत उभा होतो, आणि मला बरं वाटत होतं. आठव्या दिवशी तो न्हाणीघरात कोसळला.

पुण्यापर्यंत जीपमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. रक्तात औषध कितीतरी पट साचलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "हे कसं झालं? गोळ्या जास्त घेतल्या का?" मी म्हणालो, "घेतल्या असतील. त्याची गल्लत झाली असेल." त्या एका वाक्याला पाय फुटले आणि ते गावापर्यंत पोचलं. महिन्याभरात सगळी पेठ म्हणत होती, सोहनलालनं वेडाच्या भरात मूठभर गोळ्या खाल्ल्या.

नंतर स्थानकातल्या साध्वी महासतीजींच्या दर्शनाला गेलो तेव्हा त्यांनी हळहळून एवढंच म्हटलं, "आजारी माणसाला सगळी मोकळीक असते. एका शब्दानं विचारायचं होतं." त्याचं मीठ चालू ठेवायला त्यांनी नाही, डॉक्टरांनी नाही, कुणीच मला अडवलं नसतं. मी कुणालाच विचारलं नव्हतं.

सोहन वाचला. पण त्याचं बोलणं कायमचं बोबडं झालं, आणि भिंत धरल्याशिवाय चालता येईना. कात्री मी त्याच्यापासून दूर ठेवली. डॉक्टरांनी औषध बदललं, नवं हळूहळू पाव-पाव गोळीनं वाढवलं. "नवं कापड, नवं माप," तो म्हणाला. मला ते तीनदा विचारावं लागलं, तेव्हा कळलं. बाजारच्या दिवशी एखादा टवाळ विचारायचा, "काय शेठ, सकाळीच घेतली का?" सोहन सावकाश एकेक शब्द जुळवत म्हणायचा, "घेतली की. पांढरी, गोल. तुला पायजे का?" आणि सगळ्यात मोठ्यानं स्वतःच हसायचा.

तेरा वर्षं तो असा जगला. सरिताच्या मुलांना त्याची भाषा आमच्यापेक्षा चांगली समजायची. त्याच्या शेवटच्या वर्षात एका दुपारी दुकानात आम्ही दोघेच होतो. मी म्हणालो, "सोहन, मी तेव्हा डॉक्टरांना विचारलं नव्हतं."

"माहीत व्हतं."

"कसं?"

"कायबी बदल म्हणलं की डॉक्टर आधी रक्त मागत्यात. तू रक्ताचं बोललाच न्हाई."

"मग का केलंस रे?"

 ओठ जुळत नव्हते. "सगळी मला म्हणायची, गोळी घे, झोप, गप बस. तू पहिल्यांदा म्हणला, सोहन, ह्ये तू कर."

पुढच्या थंडीत न्यूमोनियानं तो गेला. उठावण्याच्या शोकसभेत एक जण मला धीर देत म्हणाला, "गोळ्यांनीच खाल्लं बिचाऱ्याला." माझ्याभोवती शंभर माणसं होती. मी मान खाली घातली आणि बोललो नाही.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका मुलीला हाच आजार निघाला. तिच्या वडिलांनी आठ दिवसांत औषध बंद केलं. मला म्हणाले, "काका, तुमच्या सोहनलालचं झालं ते बघितलंय की आम्ही. नको त्या गोळ्या." मी त्यांना घरी बोलावलं आणि इथे लिहिलंय ते सगळं सांगितलं. ते ऐकून घेत राहिले. शेवटी म्हणाले, "मग काका, इतकी वर्षं का बोलला नाहीत?"  दुसऱ्या दिवशी ते मुलीला घेऊन पुण्याला गेले.

ज्यांनी माझ्या भावाला कधी पाहिलं नाही, आणि ज्यांनी पाहिलं पण भलतंच ऐकलं, त्या सगळ्यांसाठी लिहून ठेवतो. सोहननं एकही गोळी जास्त घेतली नव्हती. त्याचं मीठ मी बंद केलं होतं.