ताट छताखाली लावलं तेव्हा

पोर्ट सईदच्या बांधकामांवर इन्शिराहचं नाव निघालं की मुकादमांच्या कपाळावर आठ्या पडत. बाई रागीट, असं सगळे म्हणत आणि ते खरंच होतं. पण ती उगाच चिडली असं एकदा तरी कोणी दाखवून द्यावं.

तिचं काम वेळापत्रकाचं. लोकांना वाटे, बाई दिवसभर कॉम्प्युटरवर चौकोन काढते आणि बाणांनी जोडते. पण सगळी मेख त्या बाणातच असते. नव्या माणसाला ती स्वयंपाकघरातून समजवायची. कांदा परतून झाल्याशिवाय तांदूळ टाकायचा नाही, हे एक नातं. भात चढला की शेजारच्या शेगडीवर मुलुखियाची भाजी सुरू करता येते, हे दुसरं. आणि दोन्ही उतरवायची बरोबरच, नाहीतर घरात कुरकुर होते, हे तिसरं. ‘‘कुठलं नातं लावायचं ते कामाचा स्वभाव ठरवतो, तुमची घाई नाही,’’ असं म्हणून ती कामाला लागे.

कालव्याजवळच्या दवाखान्याच्या इमारतीत तिने लिहून ठेवलं होतं, की वरचा स्लॅब घट्ट होऊन टेकू निघाले की मगच खाली गिलावा सुरू. मग ती भाचीच्या साखरपुड्याला इस्माइलियाला गेली. तेवढ्यात साइटचे साहेब रिफअत, ज्यांना सगळे मानाने ‘बे’ म्हणत, त्यांनी नातं बदललं. स्लॅब ओतायला घेतला की गिलावाही सुरू. मालकाला उद्घाटनाची तारीख अलीकडे आणून हवी होती आणि बेंना मालकापुढे मिरवायचं होतं.

शुक्रवारी ती परतली, तेव्हा स्लॅबचं वासरू कापून झालं होतं. रिवाजच तो, छत ओतून झालं की सगळ्यांना जेवण. ऊन मी म्हणत होतं, म्हणून सतरंज्या त्याच ओल्या स्लॅबखाली. सोहागहून आलेल्या गवंड्यांनी गिलाव्याच्या परांचीला जागा व्हावी म्हणून मधली टेकूंची एक रांग काढून टाकली होती. सांगितलं तसंच केलं होतं त्यांनी. इन्शिराह सरळ साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

‘‘हे नातं कोणी बदललं?’’

‘‘आल्याआल्या सुरू झालात, इंजिनिअरबाई?’’ छताच्या कडेला, बाहेर उन्हात उभे असलेले रिफअत बे हसले. ‘‘कागदावरचा एक बाण आहे तो. जेवा आधी.’’

‘‘बाण? त्याच्याखाली माणसं बसलीत.’’

‘‘काही होत नाही हो. बायकांना सगळीकडे भूत दिसतं.’’

त्यावर ती ओरडेल असं सगळ्यांना वाटलं. तिने मोठं ताट घेतलं, त्यात भात वाढला, मांसाचा चांगला तुकडा ठेवला आणि टेकू काढलेल्या जागी, बरोबर मधोमध, नेऊन ठेवलं.

‘‘बे, तुमचं ताट लावलंय. या.’’

रिफअत बेंनी वर पाहिलं. स्लॅबच्या पोटाला बारीक चीर होती, नीट पाहिलं तर दिसणारी.

‘‘मला भूक नाही,’’ ते उन्हातूनच म्हणाले.

गवंड्यांचा म्होरक्या उस्ता खलफ हातातला घास खाली ठेवून बेंकडे बघत राहिला.

‘‘साहेबांना आज भूक नाही,’’ तो आपल्या माणसांना म्हणाला. ‘‘मग आपल्यालाही नाही. उठा रे.’’

ते एकेक करून बाहेर पडले, चपला हातात घेऊन. शिव्या मात्र बेंना कमी आणि बाईला जास्त बसल्या, कारण जेवण तिने मोडलं होतं. तिने त्या ऐकून घेतल्या आणि बाहेरून नवे टेकू मागवून रांग भरून घेतली.

संध्याकाळी बे तिच्या टेबलाशी आले. ‘‘बाण पहिल्यासारखा केलाय मी. आता तरी झालं समाधान?’’

‘‘नाही,’’ इन्शिराह म्हणाली. तिचा राग तसूभरही उतरला नव्हता. ‘‘नकळत झालेली चूक असती तर मी विसरले असते. पण ताट तुमचं असल्याबरोबर कुठलं नातं बरोबर, ते तुम्हाला लगेच कळलं.’’