अर्ध्या कपाचा अपमान

आमच्या सलूनमध्ये दोन खुर्च्या आहेत. एकीवर मी केस कापते, दुसरीवर बाबा दाढी करतात. मशीनने केलेली दाढी म्हणजे त्यांच्या मते गवत कापणं. त्यांची दाढी उघड्या वस्तऱ्याची, चामड्याच्या पट्ट्यावर धार लावून केलेली. पस्तीस वर्षं लोक त्यांच्या हाती गळा देऊन डोळे मिटत आले. काही तर घोरायचेसुद्धा.

आणि त्यांतली निदान पंधरा वर्षं बाबा सकाळी दुकान उघडलं की टॉवेलांच्या कपाटामागे जाऊन दोन घोट घेत. हात स्थिर व्हायला, असं ते म्हणत. हात खरंच स्थिर व्हायचा, वाईट होतं ते हेच. संध्याकाळच्या घोटांचा मात्र हिशेब नसायचा आणि त्याला कारणही लागायचं नाही. एका शुक्रवारी मी कपाटामागची बाटली मोरीत ओतली. तासाभराने हेडमास्तर दाढीला आले आणि बाबांचा हात थरथरला. हनुवटीखाली बोटभर चीर पडली. हेडमास्तर बिचारे कापूस दाबून ‘काही नाही, काही नाही’ करत बसले. मी वस्तरा उचलला, माझ्या खणात ठेवला आणि कुलूप लावलं.

“तू बाटली ओतलीस म्हणून कापलं,” बाबा म्हणाले.

“म्हणजे बाटलीशिवाय तुमच्या हातून माणूस सुखरूप सुटत नाही,” मी म्हणाले. “मग वस्तरा चालवतं कोण, तुम्ही की ती?”

पुढचे आठ दिवस आम्ही एकमेकांशी गिऱ्हाइकांमार्फत बोललो. दारू सुटायला डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र बाबांनी वेळेवर घेतल्या, कारण डॉक्टर त्यांचंच गिऱ्हाईक. पत्ताही डॉक्टरांनीच दिला. दारू सोडणाऱ्यांची बैठक, दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता, घरचं एक माणूस सोबत आलं तरी चालेल.

“एकदा जाऊन या, खणाची किल्ली देते,” रात्री घरी जेवताना मी म्हणाले.

“एकदाच. जाणार, बसणार, येणार. तोंडातून चकार शब्द काढणार नाही. आणि आल्या आल्या किल्ली इथे.” त्यांनी टेबलावर बोट आपटलं. नाक त्यांच्याकडून माझ्याकडे आलंय आणि नाकावरचा रागही, त्यामुळे मीही टेबलावर बोट आपटलं.

बैठक बालवाडीच्या खोलीत होती. सुट्टीच्या दिवशी दुसरी जागा फुकट मिळत नसावी. भिंतीवर मुलांनी रंगवलेले हत्ती, आणि गुडघे पोटाशी घेऊन इवल्या खुर्च्यांवर बसलेली दहा-बारा मोठी माणसं. त्यात दोन बायकाही होत्या. बाबांनी खुर्चीवर बसायच्या आधीच सगळ्यांच्या हनुवट्या तपासल्या.

“चौघांनी आज स्वतःची दाढी स्वतः केलीय,” ते माझ्या कानात पुटपुटले, “आणि चौघांनी केसांच्या उलट्या दिशेने केलीय.”

“हळू बोला.”

“तो किटलीवाला मात्र बघ. वस्तऱ्याची दाढी आहे, आणि स्वतःच्या हाताने केलेली.”

किटलीवाला म्हणजे कोपऱ्यात चहाची किटली सांभाळत बसलेला, साठीचा एक निवृत्त बस ड्रायव्हर. तिथे नाव सांगायची सक्ती नव्हती, पण आपण काय काम करतो ते सगळे सांगत. लोक एकेक करून बोलत होते. एक गवंडी बोलला, एक नर्स बोलली. बाबा हाताची घडी घालून हत्तींकडे बघत राहिले. मला लाज वाटत होती आणि त्यांची कीवही येत होती, आणि दोन्ही एकदम वाटतंय याचा वेगळाच राग येत होता.

मग चहाची वेळ झाली. ड्रायव्हरने प्रत्येकाला ओतून दिला. कुणाचा कप पाऊण, कुणाचा पूर्ण. बाबांचा बरोबर अर्धा.

बाबांनी कपात डोकावून पाहिलं. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. चकार शब्द न काढण्याचा पण तिथेच संपला.

“माझा भरायचा राहिलाय,” ते म्हणाले.

“नव्या माणसाला अर्धाच,” ड्रायव्हर म्हणाला.

“का? नवा माणूस अर्धा असतो?”

“तसं नाही हो. इथली रीत आहे.”

“असली रीत तुमच्या घरी ठेवा. मी पस्तीस वर्षं दुकान चालवतोय, दारात आलेल्याला अर्धा चहा कधी दिला नाही. भरा.”

ड्रायव्हरने वाद घातला नाही. किटली उचलली आणि कप काठोकाठ भरला. बाबांनी एका हाताने कप उचलला, दुकानात वस्तरा उचलतात तशा ऐटीत. तो ओठांपर्यंत पोचलाच नाही. चहा मनगटावर, पँटवर, जमिनीवर गेला. त्यांनी दुसरा हात लावला, तर उरलेलाही हिंदकळला. खोलीत कुणी हसलं नाही. हसले असते तर बाबा उठून चालते झाले असते.

ड्रायव्हरने फडकं दिलं. मग स्वतःचा कप काठोकाठ भरून त्यांच्यासमोरून खुर्चीपर्यंत नेला. थेंब पडला नाही. “मी अकरा महिने अर्ध्यावर होतो,” तो म्हणाला. “कुणाचं सांडू नये म्हणून अर्धा देतो. न सांडता नेता आला की पूर्ण.”

“अकरा महिने तुम्हाला लागले,” बाबा पँट पुसत म्हणाले. “मला लागणार नाहीत.”

“मग या की पुढच्या रविवारी.”

बाबा फडक्याची नीट घडी घालत बसले, दुकानात टॉवेलाची घालतात तशी. मग घडीकडेच बघत बोलू लागले.

“मी लोकांच्या गळ्यावर वस्तरा ठेवतो. नऊ दिवसांपूर्वी एका सज्जन माणसाला कापलं. पोरीने बाटली ओतली म्हणून कापलं, असं मी सांगत फिरतोय.” त्यांनी घडी मोडली आणि पुन्हा घातली. “पंधरा वर्षं लोक माझ्यावर विश्वास टाकून डोळे मिटत होते आणि मला माझ्याच हाताचा भरवसा नव्हता. झालं एवढंच. मी इथे रडायला आलेलो नाही.”

“कुणीच येत नाही,” नर्स म्हणाली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी हत्तींकडे बघून परतवलं.

घरी आल्यावर मी शब्द पाळला. खणाची किल्ली टेबलावर, त्यांनी बोट आपटलं होतं तिथेच ठेवली. बाबांनी तिला हात लावला नाही.

“चहा टाक,” ते म्हणाले.

मी चहा करून कप भरू लागले.

“हात आखडू नकोस. काठोकाठ.”

मी भरला. त्यांनी कप उचलला आणि निम्मा चहा बशीत गेला. मग त्यांनी एका बोटाने किल्ली माझ्याकडे सरकवली.

“असू दे तुझ्याकडे,” ते म्हणाले. “पण पात्याला रोज तेलाचा हात फिरव. गंजलेला मिळाला तर तुझी खैर नाही.”

“बरं.”

“आणि रविवारी पावणेपाचलाच पोचायचं. उशीर झाला तर तो माणूस मला न विचारता अर्धा ओतून मोकळा होईल.”